चावीवाल्याचे सहा मासे

आमच्या ह्यांचं नाव चनबसप्पा. पण सोलापुरात बाळीवेशीत ह्या नावानं विचाराल तर कुणी घर दाखवणार नाही. चावीवाल्याचं घर म्हणा, शेंबडं पोर आणून सोडेल. चौतीस वर्षं ह्यांनी पाण्याची चावी फिरवली. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. छातीला लागेल एवढी लोखंडी कांब, वर आडवी मूठ. रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण काढायचं, कांब आत घालायची आणि एकवीस आटे फिरवायचे, की आमच्या भागाला पाणी. एकवीस उलटे फिरवले की बंद. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी स्कूटरवरनं जाताना असलं झाकण दिसलं की ह्यांचा वेग कमी होतो.

आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात लग्न असो की मयत, आधी बॅरल भरायचं. आमची राजेश्वरी झाली तो दिवस पाण्याचा होता. दवाखान्यातनं निरोप गेला, तर ह्यांनी पाणी पूर्ण वेळ दिलं, एकवीस आटे बंद केले आणि मग आले. मी म्हटलं, लेक झालीय. हे म्हणाले, "व्हय, कळलं. आज शेवटच्या घरापतुर पाणी पोचलं." मी तोंड भिंतीकडं केलं. तो राग माझा अजून गेलेला नाही.

आता पाणी कसं, तर जड. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉईल वर्ष काढत नाही, हंड्याला आतनं चुन्याचं पुट चढतं. ह्याचा जाब विचारायचा कुणाला? मोठा साहेब कुणाला दिसत नव्हता, हे रोज सायकलवर दिसायचे. केस गळाले, चावीवाला. मुतखडा झाला, चावीवाला. आमच्या भिंतीला भिंत लावून गोजरबाई राहतात. त्यांनी एकदा कुकरच आमच्या दारात आणून ठेवला. "सहा शिट्ट्या झाल्या. बगा तुमीच." ह्यांनी डाळीचा दाणा उचलला, चावला आणि म्हणाले, "पाणी चांगलं हाय, वहिनी. डाळ जुनी हाय." गोजरबाई आठ दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. ते आठ दिवस बरे गेले.

मी ह्यांना सांगायची, "अहो, पाणी काय तुम्ही बनवता का? सांगा की तसं तोंडावर." हे म्हणायचे, "ज्याच्या हातनं सुटतं त्याचंच पाणी की." असल्या माणसाशी काय भांडणार? ह्यांच्या उभ्या नोकरीत मी मात्र पाण्याला कधी नाव ठेवलं नाही. डाळ शिजली नाही की खायचा सोडा घालायची आणि गप्प बसायची. एवढं एक पथ्य पाळलं. बाकी कशाला नाव ठेवायचं मी सोडलं नाही.

सहा वर्षांमागं मलाच मुतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, फिल्टरचं पाणी प्या. लेकीनं बंगळुरूहून येऊन स्वयंपाकघरात फिल्टर बसवून दिला. पाहुणे त्याचंच पाणी प्यायला लागले, मीही प्यायला लागले. हे नाही. "मला नळाचं दे," म्हणायचे. मग ओट्यावर दोन घागरी. एक फिल्टरची, एक ह्यांची.

मागच्या वर्षी गिझरची कॉईल गेली म्हणून हे नव्या पेठेत गेले. कॉईलच्या दुकानाला लागून शोभेच्या माशांचं दुकान आहे. त्याचा मालक दिग्विजय, तिशीतला माणूस, बोलायला गोड. दारात त्यानं काचेची मोठी पेटी मांडलेली, आत हिरवीगार झाडं, त्यांतून मासे फिरतायत. हे बघत उभे राहिले आणि विचारलं, "ह्यात पाणी कुटलं हाय?"

"फिल्टरचं, काका," दिग्विजय म्हणाला. "सोलापूरच्या नळाच्या पाण्यात झाडं लागत न्हाईत. मासेबी टिकत न्हाईत."

समोर कोण उभा आहे हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. हे घरी आले ते दोन फुटी काचपेटी घेऊन.

"कॉईल?" मी विचारलं.

"इसरलो."

आमचं लिंगायताचं घर. ह्यांच्या आई होत्या तेव्हा अंडं हा शब्दसुद्धा उंबऱ्याबाहेर जाऊन बोलावा लागायचा. आणि हे मासे आणणार. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? म्हणाले, "खायला न्हाय की आणत." म्हटलं, मग कशाला आणता? तर पेटीकडं बघत म्हणाले, "ह्या पाण्यात झाडबी लागतंय आन् मासाबी जगतोय, हे एकदा बगायचंय मला. लोकांस्नीबी दाखवायचंय." आवाज चढवला नाही. पण चौतीस वर्षांत हा माणूस मला स्वतःसाठी काही मागताना दिसला नव्हता. मी म्हटलं, आणा. पण देवघराच्या समोर नको.

मग सुरू झालं. हे मोबाईलवर कन्नडमधले व्हिडिओ बघायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. तळाला रोपवाटिकेतली माती, चाळून. त्यावर नदीची वाळू, धुऊन. धुऊन म्हणजे किती वेळा? तर गढूळपणा जाईपर्यंत. पाण्याच्या दिवशी मी बॅरल भरतेय आणि हे बादलीत वाळू धुतायत. नवव्यांदा पाणी ओतलं तेव्हा मी नळच बंद केला. माणसं हितं आंघोळीला मोजून पाणी घेतात आणि आमच्या घरी वाळूची आंघोळ चाललेली.

पेटीत भरायला मात्र ह्यांनी ताजं पाणी घेतलं नाही. बॅरलमधलं चार दिवसांचं घेतलं. ताज्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते माशांना बाधतं, पाणी उघडं ठेवलं की उडून जातं, असं ह्यांनी मला समजावलं. "दुसरीकडं लोक मुद्दाम आदल्या दिवशी पाणी भरून ठेवत्यात," म्हणाले. "आपल्याकडं सोय हायच की." एवढ्या वर्षांत चार दिवसांआड पाण्याचा कुणाला फायदा झालेला मी ऐकला नव्हता.

झाडं ह्यांनी विचारून विचारून आणली. सगळी झाडं जड पाण्याला वैतागत नाहीत, काहींना उलट ते मानवतं. एक रिबिनीसारख्या लांब पानांचं गवत, एक मांजराच्या शेपटीसारखं झुबकेदार. लावली, वर ट्यूब जोडली, आणि मासे न आणता हे बसून राहिले. एक आठवडा, दोन आठवडे. पाणी आधी मुरायला पाहिजे, माशांची घाण पचवणारे बारीक जीव त्यात तयार व्हायला पाहिजेत, असं वहीत लिहिलेलं होतं. गल्लीतली माणसं येऊन नुसतं पाणी बघून जायची.

"मासे कुटं हायत?" गोजरबाईंनी विचारलं.

"येतील. आदी पाणी तयार हुंदे."

"चौतीस वर्षांत झालं न्हाय, आता हुतंय व्हय," म्हणाल्या आणि चहा पिऊन गेल्या.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी ह्यांनी मला हाक मारली. मी भाकरी तव्यावर टाकून गेले. गवताच्या पानांवर बारीक बुडबुडे धरले होते आणि एकेक सुटून वर चालला होता. "झाड श्वास सोडतंय," हे म्हणाले. "ह्या पाण्यात." भाकरी करपली, करपू दिली.

त्याच आठवड्यात सहा मासे आले. काळेभोर, बोटाच्या दोन पेरांएवढे. मोली म्हणतात त्यांना. सोबत दोन गोगलगाई. मी ठरवलं होतं की तिकडं बघायचंसुद्धा नाही. पण मोली उकडलेला पालक खाते हे कळलं आणि मी जरा निवळले. म्हटलं, आपल्यातलेच आहेत. मी समोर भाजी निवडायला बसले की सहाही काचेशी येऊन उभे. ह्या घरात मी दिसल्यावर इतक्या लगबगीनं कुणी आलेलं मला आठवत नाही. मला ते आवडायला लागले. लाज काय त्यात.

दिग्विजय एकदा मुद्दाम बघायला आला. पेटीभोवती फिरला, म्हणाला, "काका, मानलं." हे "चालायचंच" म्हणाले आणि त्या दिवशी कट्ट्यावर तासभर जास्त बसले. आमच्या घरासमोर पिठाच्या गिरणीचा कट्टा आहे, गल्लीची सगळी न्यायालयं तिथंच भरतात. तिथून एकेकाला हे हात धरून आणायचे आणि पेटीसमोर उभं करायचे. "नळाचं हाय," एवढंच म्हणायचे.

आणि मग मला ती रेघ दिसली. पेटीतलं पाणी थोडं आटलं होतं, आणि जिथपर्यंत ते आधी होतं तिथं काचेवर पांढरी रेघ उमटली होती. हंड्याला असते तशीच. मी ती नखानं खरवडली. कडक. माझ्या पोटात कळ आली, खोटं नाही सांगत. मुतखडा ज्याला झालाय त्यालाच ते कळेल. काचेला हे धरतंय तर ह्या एवढ्याशा जिवांच्या आत काय होत असेल? त्यांना तर बोलताही येत नाही. आणि आमच्या घरी आलेल्या पाहुण्याला आम्ही नळाचं पाणी देत नाही.

ह्यांना सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं. म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून हे सकाळी दूध आणायला गेले की मी पेटीतलं तीन तांबे पाणी काढायची, कढीपत्त्याच्या कुंडीला घालायची, आणि फिल्टरचं तीन तांबे पेटीत ओतायची. ताकास तूर लागू दिली नाही. मला वाटायचं, आपण पुण्य करतोय.

महिना गेला. कढीपत्ता चांगला फोफावला. मासे मात्र बिघडले. थंडी भरल्यासारखे जागच्या जागी थरथरायचे, पर अंगाशी मिटून घ्यायचे. गवताची पानं काचेसारखी होऊन गळायला लागली. गोगलगाईंच्या पाठीवरचं कवच पांढरं पडून झिजलं. हे वही घेऊन पेटीसमोर बसायचे, एकेक ओळ पुन्हा वाचायचे. मला वाटलं, पाणी अजून जडच आहे. मी तीनाचे पाच तांबे केले.

पहिला मासा मंगळवारी गेला. ह्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला. आमच्यात पुरतातच. आठ दिवसांत आणखी तीन गेले. चौथ्याला पुरून आल्यावर हे हात न धुताच कट्ट्याकडं गेले.

तिथं काय झालं ते मला गोजरबाईंनी सांगितलं. सांगायला आल्या तेव्हा त्यांचाही चेहरा उतरलेला होता. हे कट्ट्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमी सगळे म्हणत हुता ते खरं हुतं. पाणी वाईटच हाय. मी उगं इतकी वर्सं वाद घातला. माफ करा." उभा जन्म ज्यांनी शिव्या घातल्या, ती माणसं गिरणीच्या पट्ट्याकडं बघत बसली म्हणे.

हे घरी आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "रत्ना, फिल्टरचं ग्लासभर पाणी दे."

सहा वर्षांत पहिल्यांदा. मी दिलं. ह्यांनी ते औषध घ्यावं तसं प्यायलं आणि ग्लास खाली ठेवला. "गोड हाय," म्हणाले. मग म्हणाले, "त्या दिग्विजयला म्हणावं, पेटी घेऊन जा. दोन उरल्यात ते तरी जगतील." मला हुंदका आला, तो मी पदरात दाबला. मासे गेल्याचं दुःख होतंच, पण त्या ग्लासाचं जास्त झालं.

दुसऱ्या दिवशी मी पेटीतलं पाणी बाटलीत भरलं आणि रिक्षानं नव्या पेठेत गेले. दिग्विजयला म्हटलं, ह्यात काय दोष आहे बघ. त्यानं पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं एक यंत्र त्यात बुडवलं, आकडा बघितला, झटकलं, परत बुडवलं.

"काकू, हे नळाचं न्हाय."

"नळाचंच आहे."

"नळाचं पाणी साडेसातशे दाखवतं. हे दोनशेबी न्हाय. ह्यात कुणीतरी फिल्टरचं घातलंय, रोजच्या रोज." यंत्र पुसत तो म्हणाला, "मोलीला जडच पाणी लागतं. मऊ पाण्यात ती थरथरून मरते. गोगलगाईचं कवच विरघळतं. मीच आधी काकांना चुकीचं बोललो हुतो. त्यांच्या पाण्यात सगळं झ्याक चाललं हुतं की."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाटली पिशवीत टाकली आणि रिक्षाही न करता चालत आले. वाटेत वाटलं, गप्प बसावं. तांबे बंद करावेत, दोन मासे सुधारतील, हे पुन्हा सहा आणतील, कुणाला कळणार आहे? पण कट्ट्यावर जाऊन माफी मागून आला होता माझा नवरा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि चोर मी.

घरात शिरले तेव्हा हे पेटीतली वाळू कशात काढावी म्हणून घमेलं शोधत होते. मी चपला काढायच्या आधी सांगून टाकलं. "अहो, मी फिल्टरचं पाणी घालत होते. म्हणून मेले."

हे घमेलं हातात घेऊन उभे राहिले. "किती?"

"आधी तीन तांबे. मग पाच."

"रोज?"

"रोज."

"कवापास्नं?"

सांगितलं. ह्यांनी तोंडातल्या तोंडात हिशेब केला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडावंच असं मला वाटत होतं. पण हे घमेलं खाली ठेवून म्हणाले, "म्हंजे पाणी चांगलं हुतं."

"हो. दिग्विजयनं मोजलं. तुमच्या पाण्यात झ्याक चाललं होतं, म्हणाला."

चेहरा असा खुलला की काय सांगू. लगोलग चपला घातल्या, सदऱ्याची बटणं लावली. कट्ट्यावर निघाले होते. उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. वळून म्हणाले, "पण तू का घातलंस?"

मुतखड्याचं सांगितलं, रेघेचं सांगितलं, पाहुण्याचं सांगितलं. हे ऐकत राहिले. "म्हंजे तुलाबी वाटत हुतं," म्हणाले. "पाणी वाईट हाय म्हून."

खोटं बोलता आलं असतं. "वाटत होतं," मी म्हटलं.

"कवापास्नं?"

"पहिल्यापासून. लग्न होऊन आले तेव्हापासून."

ह्यांनी चपला काढल्या. परत येऊन खुर्चीत बसले. मग म्हणाले, "सगळ्या गावात एक तू नाव ठेवत नव्हतीस. मला वाटायचं, एक माणूस तरी हाय."

"जा की, सांगून या कट्ट्यावर," मी म्हटलं. "पाणी चांगलं आहे म्हणून."

"काय सांगू? मासे का मेले इचारलं तर काय सांगू? बायकोलाच पटत नव्हतं, असं? ऱ्हाऊ दे. त्यांचं खरं ऱ्हाऊ दे."

असा हा माणूस. चौतीस वर्षं दुसऱ्याच्या पाण्याच्या शिव्या खाल्ल्या, आता माझ्या तांब्याच्याही खाणार होता. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. ह्यांच्यावर नव्हे, माझ्यावरच. मी तशीच बाहेर पडले. कट्ट्यावर चुलत सासरे, दीर बसलेले असतात, तिथं बायका बोलायला उभ्या राहत नाहीत. मी राहिले. सात-आठ जण होते, गिरणीच्या दारात गोजरबाई दळणाचा डबा घेऊन नंबराला बसल्या होत्या. गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकू जाईना, म्हणून मी गिरणीवाल्याला मोटार बंद करायला लावली.

"मासे मी मारले," मी म्हटलं. "चोरून फिल्टरचं पाणी घालून. मला मेलीला वाटलं, ह्यांचं पाणी वाईट आहे. मशीनवर मोजून आलेय आत्ता. ह्यांच्या पाण्यात ते जगले असते. काल ह्यांनी तुमची माफी मागितली ती मला परत पाहिजे."

डोळे भरले होते, ते मी पुसले नाहीत.

"मग आमची डाळ का शिजत न्हाय?" गोजरबाईंनी हळूच विचारलं.

"डाळीचं मी काय बोललेच नाही, गोजरबाई. ती माझीही शिजत नाही. मी माशांचं बोलतेय."

एकानं घसा साफ केला. "चनबसप्पाला म्हणावं, चुकलं आमचं," म्हणाला. चावीवाला म्हणाला नाही, चनबसप्पा म्हणाला. मी मान हलवली, गिरणीवाल्याला मोटार सुरू करायला सांगितली आणि वळले.

हे आमच्या दारात उभे होते. मोटार बंद असल्यामुळं सगळं ऐकू गेलेलं होतं. मी उंबऱ्याशी आले तसे बाजूला झाले. आत आल्यावर पाठ माझ्याकडं करून पेटीवरचं झाकण नीट करत राहिले, ते नीटच होतं. मग म्हणाले, "बॅरलमधलं रोज एक तांब्या घाल. एकदम घालू नगस. सवय मोडलीय त्यांची, हळूहळू जडाची करायला लागंल."

"मी घालू?" मी विचारलं.

"मग कोण घालनार?"